शाळेची घंटा आणि मुलांची झोप

इ. स. १८२३ च्या ऑगस्ट महिन्यात बल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांची माहिती गोळा करून मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डाला एक अहवाल धाडला. त्या अहवालात ५३३ शाळांची नोंद आहे. त्यांपैकी २३५ कानडी, २२६ तेलुगू, २३ संस्कृत, २१ फारसी, ४ तामिळ व एक इंग्रजी होती. आणि मराठी शाळा २३ होत्या. या शाळा सकाळी सहाच्या सुमारास भरत. सर्वांत आधी जो मुलगा शाळेत पाऊल टाकी त्याच्या तळहातावर पंतोजी सरस्वतीचे नाव लिहीत. तो त्याचा मान होता. दुसऱ्या मुलाच्या तळहातावर शून्य काढीत. म्हणजे त्याची स्तुती नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याच्या हातावर छडीचा एक हलका फटका बसे, चौथ्याच्या हातावर दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक फटका वाढत जाई. जो सर्वांच्या मागून येई त्याचा तळहात किती लाल होत असेल याची कल्पना सहज करता येईल.

बल्लारी जिल्हा आज कर्नाटकाच्या कलबुर्गी विभागात मोडतो. त्याच विभागात, बिदर जिल्ह्याच्या टोकाला आणि कलबुर्गीच्या सीमेलगत निर्णा हे गाव आहे. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा जेथे एकाच बाजारात ऐकू येतात असा हा मुलूख. येथील जुन्या पंतोजींनी कॅम्पबेलसाहेबांच्या अहवालातील रीत तंतोतंत पाळली असेल किंवा नसेल. पण त्या रीतीमागची समजूत मात्र साऱ्या दख्खनभर एकच होती, आणि ती आजही पुष्कळ घरांत जिवंत आहे. जो लवकर उठतो तो गुणी, आणि जो उशिरा उठतो तो आळशी, ही ती समजूत होय. पंतोजींनी तळहात पाहिला, आगमनाचा क्रम पाहिला. पण मूल रात्री निजले केव्हा, हा प्रश्न त्यांना कधी विचारावासा वाटला नाही. दोनशे वर्षांनंतर आज तोच प्रश्न वैद्यांना, शिक्षणखात्यांना आणि न्यायासनांनाही विचारावा लागत आहे.

जुन्या पंतोजींवर केवळ दोष ठेवणे मात्र न्यायाचे होणार नाही. ज्या काळात त्यांची शाळा सहाला भरे त्या काळातील रात्र आजच्या रात्रीहून फार निराळी होती. दिवेलागणीनंतर घरात एखादी पणती, पुढे चिमणी किंवा कंदील, एवढाच उजेड असे. तेल महाग आणि जपून वापरावयाचे. जेवण झाले, देवाचे नाव घेतले, एखादी गोष्ट ऐकली की आठ-साडेआठच्या सुमारास मुले घोंगडीवर आडवी होत. पहाटे पाचला उठले तरी आठ तासांहून अधिक झोप पदरी पडलेली असे. शिवाय दुपारी जेवणासाठी शाळा सुटे, आणि उन्हाच्या वेळी लिंबाच्या सावलीत डोळा लागला तर त्यात कोणाला नवल वाटत नसे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण आपण मुलांना पाठ करविली. परंतु त्या म्हणीतील पहिले दोन शब्द काळाच्या ओघात गळून पडले आणि शेवटचे दोन तेवढे घराघरांत उरले.

आपल्या आयुर्वेदाने या दोन्ही गोष्टींचा विचार केला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात दिनचर्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या आरंभीच निरोगी माणसाने ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे सांगितले आहे. हा उपदेश सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच ग्रंथात आणखी एक सांगणे आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्याला रात्री सवयीबाहेर जागावे लागले असेल त्याने जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, निजून भरून काढावा असे वाग्भट म्हणतो. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ मानले. आणि सुख व दुःख, बल व दुर्बलता, इतकेच नव्हे तर ज्ञान व अज्ञान हीदेखील निद्रेवर अवलंबून आहेत असे सांगितले. दिवसा झोपणे एरवी त्याला मान्य नाही. परंतु ज्यांना त्याने सवलत दिली त्यांच्या यादीत लहान मुले, वृद्ध, वाट चालून थकलेले यांच्याबरोबरच अध्ययनाने थकलेल्यांचाही समावेश आहे. उन्हाळ्यात तर रात्री लहान म्हणून त्याने सर्वांनाच दुपारची झोप मोकळी केली. तेव्हा पहाटे उठण्याचा उपदेश करणारे शास्त्र झोपेचे शत्रू नव्हते. झोपेचा हिशेब पुरा करून मगच ते उठावयास सांगत होते.

विद्यार्थी आणि त्याची निजण्याची जागा यांचा संबंधही या प्रदेशाला नवा नाही. निर्णा गावापासून फार दूर नसलेल्या बिदर शहरात बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये तीन मजली मदरसा बांधला. त्याचा एक मिनार आणि निळ्या-हिरव्या फरशांचे काही तुकडे आजही उभे आहेत; इमारतीचा काही भाग १६९६ मधील स्फोटाने उद्ध्वस्त झाला. या मदरशात प्रवचनाची दालने, ग्रंथालय आणि मशीद यांच्याबरोबर विद्यार्थ्यांना व अध्यापकांना राहण्याच्या खोल्याही होत्या. ज्ञानार्जन जेथे, निवारा तेथेच. मध्ये कोसाची पायपीट नाही. आजच्या खेड्यातील मुलाच्या झोपेतून वजा होणारा पुष्कळसा वेळ घर आणि शाळा यांच्यामधल्या वाटेवर खर्च होतो हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जुन्या रचनेतील शहाणपण लक्षात येते.

यानंतर आले घड्याळ. सूर्याच्या वेळेऐवजी घड्याळाची वेळ मानावयाची हा बदल आपल्याकडे सुखासुखी झाला नाही. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. आपल्याला आता रोज ३९ मिनिटे आधी उठावे लागणार, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला ताबडतोब उमगले आणि त्याच जानेवारीत एका गिरणीत त्यावरून काम बंद पडले. मुंबई महापालिकेने नवी वेळ नाकारली, आणि शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. ज्यांच्या डोळ्यांवर भोंग्याची सत्ता होती त्या श्रमिकांनी झोपेच्या ३९ मिनिटांची किंमत ओळखली होती. निर्णा हे गाव मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे तेथे हा फरक कमी, म्हणजे सुमारे २१ मिनिटांचा आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा तेथील सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. सात वाजता भरणाऱ्या शाळेत त्या दिवसांत मूल अक्षरशः अंधारात प्रवेश करते.

गिरणी कामगाराला आपले दुःख सांगता येत होते. कुमारवयातील विद्यार्थ्याला ते सांगता येत नव्हते, कारण आपल्याला काय होत आहे हे त्याला स्वतःलाच कळत नव्हते. ते कळावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठातील नाथानियल क्लाइटमन हे आपल्या एका सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत महिनाभर राहिले. सूर्यप्रकाश नसला तर माणसाचे शरीर २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस स्वीकारते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. तरुण सहकाऱ्याने तो दिवस स्वीकारला. क्लाइटमन यांच्या शरीराने मात्र आपला जुना ठेका सोडला नाही. १९५३ मध्ये त्यांनी आणि युजीन असेरिन्स्की यांनी झोपेत बुबुळांची जलद हालचाल होणारा एक स्वतंत्र काळ असतो हे दाखवून दिले. झोप म्हणजे नुसते निपचित पडणे नव्हे, झोपेतही मेंदू आपले काम करीत असतो, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील आरन लर्नर यांनी मेलाटोनिन हे द्रव्य वेगळे काढले. अंधार पडला की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून ते रक्तात उतरते आणि रात्र झाल्याची वर्दी शरीराला देते.

कुमारवयाचे कोडे पुढे मेरी कार्स्काडन या संशोधिकेने उलगडले. मुलांनी वयात येताना कमी झोप लागावयास हवी अशी पूर्वी समजूत होती. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे उन्हाळी शिबिरात मुलांना दरवर्षी निजवून त्यांची झोप मोजण्यात आली, तेव्हा असे आढळले की वय वाढले तरी झोपेची गरज कमी होत नाही. उलट थोरल्या मुलांना दिवसा अधिक पेंग येते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून दुसरी गोष्ट पुढे आली. वयात येण्याबरोबर मुलाच्या देहातील घड्याळच पुढे सरकते. मेलाटोनिन उशिरा उतरू लागते, दिवसभराच्या जागेपणाचा शीण सावकाश साठतो, आणि नऊला मिटणारे डोळे साडेदहा-अकरापर्यंत टक्क उघडे राहतात. विशीच्या सुमारास हे घड्याळ पुन्हा मागे येऊ लागते. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा सकाळी उठत नाही तो हट्टाने किंवा आळसाने नव्हे. त्याच्या शरीराची पहाट अजून झालेली नसते. झोपेच्या वैद्यांच्या अमेरिकन अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असे सांगितले. अकराला निजलेल्या मुलाला पाचला उठविले तर किमान दोन तासांची तूट पडते, आणि आठवड्याच्या सहा दिवसांत ती बारा तासांवर जाते. रविवारच्या एका सकाळीत ती फिटत नाही.

या ज्ञानाचा शाळेच्या घंटेवर परिणाम होण्यास वेळ लागला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहराने १९९७ मध्ये आपल्या माध्यमिक शाळांची वेळ सव्वासातवरून आठ-चाळीसवर नेली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये कुमारवयातील मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत असा सल्ला दिला. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये वेळ सात-पन्नासवरून पावणेनऊला आणली. मुले मिळालेला वेळ रात्री जागण्यात घालवतील, अशी शंका तेव्हा पुष्कळांनी घेतली होती. प्रत्यक्ष मोजणीत मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये याविषयी कायदाच केला व २०२२ पासून तो अमलात आणला.

आपल्याकडे मात्र वारे दोन्ही दिशांनी वाहताना दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये हरियाणाच्या शिक्षणखात्याने परीक्षार्थी मुलांना पहाटे साडेचारला उठवावे आणि त्यासाठी मंदिरे, मशिदी व गुरुद्वारे यांच्या ध्वनिक्षेपकांचे साहाय्य घ्यावे असे पत्र काढले. इंडोनेशियाच्या कुपांग शहरात २०२३ मध्ये काही माध्यमिक शाळा पहाटे पाचला भरविण्याचा घाट घातला गेला, आणि पालकांच्या विरोधानंतर ती वेळ साडेपाचवर आणण्यात आली. मुलांची पहाट इतकी गृहीत धरली जाते की जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती उदय लळित यांनी न्यायालयाचे काम लवकर सुरू करण्याच्या समर्थनार्थ तिचाच दाखला दिला. मुले सातला शाळेत जाऊ शकतात, तर न्यायाधीश व वकील नऊला कामास का लागू शकणार नाहीत, असा त्यांचा सवाल होता. सवाल मार्मिक होता. पण मुलांनी सातला का जावे, हा त्याच्या पोटातला सवाल अनुत्तरितच राहिला.

तो महाराष्ट्रात विचारला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेसाठी शाळेच्या वेळा बदलाव्यात असे सुचविले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय स्वागतार्ह खरा. तथापि त्यातील एक उणीव ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या वयात देहातील घड्याळ पुढे सरकते ते वय चौथीनंतरचे आहे. आठ वर्षांचे मूल नऊला निजविले तर सहाला उठू शकते. पंधरा वर्षांच्या मुलाला नऊला निजविता येत नाही. शिवाय जेथे एकाच इमारतीत दोन पाळ्यांत शाळा चालते तेथे धाकट्यांना उशिरा बोलाविले की थोरल्यांना पहाटे बोलाविण्याचा मोह व्यवस्थापनास होणारच. तसे झाले तर एकाची झोप दुसऱ्याच्या उशातून काढून दिल्यासारखे होईल.

आता पुन्हा निर्ण्याकडे वळू. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाचे विभाजन झाले, बिदर आणि गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात आले, बिदरचे उदगीर-निलंग्यासारखे तालुके मुंबई राज्यात गेले. राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली. पण सरकारी शाळेची कचेरीच्या वेळेशी जुळणारी, दहाच्या सुमाराची घंटा बहुतांशी तशीच राहिली. शहरातील लोकांनी या दहाच्या शाळेला मागासलेली म्हणून नाक मुरडले. ज्या वेळेसाठी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला तिच्याहूनही सोयीची वेळ खेड्यातील सरकारी शाळेजवळ आधीपासून आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही.

तरीही खेड्यातील मुलांचे डोळे वर्गात मिटतात, आणि त्याची कारणे घंटेच्या बाहेर आहेत. खाजगी शाळेची बस गावात सातला येते. दहावीची शिकवणी पहाटे असते. पंपाला वीज रात्री आली तर तुरीला किंवा उसाला पाणी देण्यासाठी बापाबरोबर मुलगाही कंदिलाऐवजी विजेरी घेऊन रानात जातो. मुलीची गोष्ट याहून कठीण आहे. पाणी भरणे, अंगण झाडणे, जोंधळ्याच्या भाकरी थापणे ही कामे तिच्यासाठी सूर्याच्या आधी उभी असतात, आणि रात्रीची भांडी झाल्याशिवाय तिला पुस्तक उघडता येत नाही. परीक्षेत ती मागे पडली म्हणजे तिची बुद्धी मंद ठरविली जाते आणि शाळा सोडविण्याची भाषा सुरू होते. झोपेचा प्रश्न शहरात आरोग्याचा असेल. येथे तो मुलीच्या शिक्षणाचा आणि भवितव्याचा होऊन बसतो.

या साऱ्यावर मोबाइलच्या उजेडाची भर पडली आहे. ब्राझीलमध्ये रबराच्या झाडांचा चीक गोळा करणाऱ्या वस्त्यांतील मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत वीज नव्हती तेथील कुमारवयीन मुले वीज असलेल्या घरांतील मुलांपेक्षा लवकर निजत होती. मग डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलेला पडदा काय करीत असेल हे निराळे सांगावयास नको. चिमणीचे तेल संपले की रात्र संपे. या दिव्याचे तेल संपतच नाही.

उपाय मोठे नाहीत, पण ते एकट्या मुलाच्या हातातले नाहीत. या भागातील उन्हाळा प्रखर. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी विभागातील सरकारी कचेऱ्यादेखील सकाळी आठ ते दुपारी दीड अशा भरविण्याची प्रथा आहे. तेव्हा उन्हाच्या दिवसांत सकाळची शाळा टाळता येणार नाही. पण ज्या दिवसांत ती भरते त्या दिवसांत चरकाने दिलेली दुपारची झोप मुलांना मिळाली पाहिजे. त्या वेळी शिकवणी ठेवू नये. शिकवणी घ्यावयाचीच तर ती पहाटेऐवजी शाळा सुटल्यावर घ्यावी. रात्री नऊनंतर घरातील सर्व मोबाइल, वडीलधाऱ्यांचेसुद्धा, एका फळीवर ठेवावेत. कारण बापाच्या हातातला उजेड पाहतच मुलगा जागा राहतो. निजण्या-उठण्याची वेळ रविवारीही फार बदलू नये. सकाळी उठल्यावर थोडा वेळ उघड्या उजेडात घालवावा, म्हणजे देहातील घड्याळ ताळ्यावर राहते. दुपारनंतरचा चहा कमी करावा. आणि घरातील पहाटेची कामे भाऊ-बहिणींत सारखी वाटून द्यावीत. या शेवटच्या उपायाला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. फक्त मनाची तयारी लागते.

राहिली शिक्षकाची गोष्ट. बल्लारीच्या पंतोजींनी आगमनाच्या क्रमाने मुलांचे मोल ठरविले. आजच्या शिक्षकाच्या हाती छडी नाही, आणि नसावीच. पण पहिल्या तासाला मान टाकून बसलेल्या मुलीला सर्वांसमोर उभे करून तिची थट्टा करणे हाही एक फटकाच होय. त्याऐवजी तास संपल्यावर तिला जवळ बोलावून ती रात्री केव्हा निजली आणि पहाटे केव्हा उठली एवढे विचारले, तर उत्तरात तिच्या घराची सारी हकिकत कळून येईल. सरस्वतीचे नाव कोणाच्या तळहातावर लिहावयाचे, हे त्यानंतर ठरवावे.